सॅम्युएलदादांसमोरचं स्टूल

गिरगावातून भायखळ्याला जाणं म्हणजे काही हिमालय नव्हे. तरी मी निघालो तो टोपी, पाण्याची बाटली आणि अभ्यासकाचा चेहरा घेऊन. भायखळ्यात मेनोनाइट ख्रिस्ती लोकांची एक लहानशी मंडळी (एकत्र उपासना करणारी कुटुंबं) आहे. आजे छत्तीसगडातून गिरणीत आले, नातवंडं मुंबईची झाली. त्यांचा इतिहास मी लिहायचा ठरवला होता. त्यांनी सांगितलं नव्हतं.

बसमध्ये विचारात गढल्यामुळे पुढच्या थांब्यावर उतरलो. भाजी मार्केटातून उलटा चालत आलो, तेव्हा चपलांत अर्धी जुडी मेथी होती.

उपासना शाळेच्या हॉलात भरते. दारातल्या रूथबाई म्हणाल्या, "या, बसा कुठंही."

रिकामी जागा एकच, सॅम्युएलदादा नावाच्या आजोबांसमोरचं स्टूल. बसलो. सगळे अनवाणी, म्हणून मीही चपला काढल्या. दादांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुस्कारा सोडून गुडघे टेकले आणि माझा उजवा पाय पाण्याच्या टबात घेतला.

"अहो, हे काय!"

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले," मेथीचं पान काढत ते म्हणाले. "तुमचे तर धुवायलाच हवेत."

रूथबाई धावत आल्या. कानात म्हणाल्या, "ते स्टूल डॅनियलभाऊंचं! दादांचे धाकटे भाऊ. उपासनेत ढोलकी हवी की नको, यावरून भांडून अँटॉप हिलच्या दुसऱ्या मंडळीत जायला लागले. दर वर्षी एकमेकांचे पाय धुण्याच्या रविवारी दादा त्यांची जागा धरतात. आज येतो म्हणालेत!"

"मग मला कुठंही का म्हणालात?"

"म्हणायची पद्धत असते हो! कुणी लगेच बसतं का?"

तेवढ्यात दारात डॅनियलभाऊ. मी दचकून उठलो, टब कलंडला, दादांची विजार भिजली. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आता हे परत जाणार, आणि माझ्यामुळे!

"पाणी बदल," डॅनियलभाऊ म्हणाले. "ह्यांच्या मेथीत मी पाय घालणार नाही."

"आलास तो नखरे घेऊनच!"

"तुझे गुडघे दुखतात. ऊठ, आधी मी धुतो."

"थोरला मी आहे."

"म्हणूनच!"

ताज्या पाण्याचा टब बराच वेळ इकडून तिकडे ओढला गेला. शेवटी थोरल्यानं धाकट्याचे धुतले, धाकट्यानं थोरल्याचे, आणि रीतीप्रमाणे गळाभेट झाली. रीतीपेक्षा जरा लांबली.

जेवणात फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) होता. मी दादांना विचारलं, "मंडळीची सुरुवात कशी झाली?"

"नंतर बघू," ते म्हणाले. "डॅनियल जेवतोय."

परतीच्या बसमध्ये माझा एक पाय धुतलेला होता, दुसरा तसाच. त्याची आठवण त्या हॉलात कुणालाच राहिली नव्हती. इतका चांगला पाहुणचार मला कुठल्याच प्रवासात मिळालेला नाही.