देवाच्या मळ्यात मेंढ्या बसल्या

खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत माझा देवावर रोष होता. आणि गुरवानं देवावर रुसायचं म्हटलं तरी पहाटे उठून पूजा त्याचीच करावी लागते. शिनोलीच्या महादेवाची सेवा आमच्या घराकडे आणि तिच्यासाठी सडकेलगतचा लहानसा फुलमळाही पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. भीमाशंकराकडची सडक रुंद करायची निघाली, तेव्हा मक्तेदारानं नेमका त्याच मळ्यातला मुरूम उचलला. वरची काळी माती आधी खरवडून कुठं टाकली कुणास ठाऊक. काम संपलं तेव्हा आमच्या वाट्याला कमरेइतका खड्डा आणि त्याच्या तळाशी तांबडा, टणक मुरूम उरला. देवासाठी फुलं दारोदार मागून आणायची वेळ आली. पाटलांनी दोन पावसाळे वाट पाहिली आणि मग चावडीवर सांगून टाकलं, "गुरव, येत्या त्रिपुरी पुनवंला मळ्यातली फुलं देवाला चढली न्हाईत, तर सेवा दुसऱ्या घराला. माझा इलाज न्हाई राव."

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. घोडनदीच्या काठचा गाळ पाट्या भरभरून डोक्यावरून आणला, चाळला, खड्ड्यात पसरला, तो वाहून जाऊ नये म्हणून दगडांचा बांध घातला. पण मळा देवाचा, म्हणून तिथं मी कडक सोवळं पाळलं. पायताण घालून कुणी आत यायचं नाही. उकिरड्यातलं खत घालायचं नाही, कारण त्यात उष्टं-खरकटं असतं. रस्त्यानं मेंढरं निघाली की मी काठी घेऊन आडवा. बायको म्हणायची, "अवो, भुईची मुंज लावताय का काय?" मी डोळे वटारून तिला गप्प करायचो. मातीवर मात्र डोळे कोण वटारणार? ती पावसात लगदा व्हायची आणि उन्हात पापड. शेवंतीचे फुटवे दोन्ही वर्षी आठवडाभर हिरवे राहिले आणि मग त्यांनी माना टाकल्या.

तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात, भर दुपारी, कोकणातून परतणारा एक धनगर मळ्यापाशी थांबला. मागं मेंढ्यांचा कळप आणि घोड्याच्या आधारानं कशीबशी चालणारी त्याची बायको. "भाऊ, मालकिनीला कळा लागल्यात," तो म्हणाला. "खड्ड्यात आडोसा हाये. हितं टेकू द्या."

मी काय म्हणालो ते लिहिताना आजही मला लाज वाटते. "ही देवाची जागा हाये. हितं बाळंतपण कसं चालंल? सुयेर लागंल देवाला. फुडं जावा, वढ्याकडंला झाडी हाये."

तो भांडला नाही, बायकोला सावरायला वळला. तेवढ्यात ती बाई बांध धरून खड्ड्यात उतरली नि खाली बसली, आणि मेंढ्याही तिच्याभोवती बसल्या. माझी बायको गोधडी आणि पाण्याचा हंडा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत उतरली. पायात वहाणा तशाच! दिवेलागणीच्या आत मुलगी झाली.

बाळंतीण पाच दिवस तिथंच होती. धनगर रोज मळ्याच्या नव्या भागात जाळी लावून मेंढ्या बसवी. पाचवीला बायकांनी माझ्याच बांधाचा दगड काढून सटवाई मांडली, घुगऱ्या वाटल्या. एवढं हसणं-खिदळणं त्या खड्ड्यानं कधी ऐकलं नसेल. मीसुद्धा दोनदा घुगऱ्या मागून घेतल्या. धनगर निघाला तेव्हा, खतासाठी मेंढ्या बसवल्याबद्दल द्यायची रीत म्हणून मी ज्वारी पुढं केली. त्यानं ती घेतली नाही, लेकीसाठी अंगारा तेवढा मागितला. म्हणाला, "तुमची भुई लई उपाशी व्हती, भाऊ. आदी तिला खाऊ घाला, मंग तिच्याकडं मागा."

तरीही मी ते सगळं झाडून गोमूत्र शिंपडायच्या तयारीत होतो. बायकोनं खराटा काढून घेतला आणि हातात कुदळ दिली. लेंड्या मातीत खणून घातल्या, घरचा उकिरडाही ओतला. आषाढात शेवंती लावली. माती हातात भुसभुशीत लागली, श्रावणात तिच्यात गांडुळं दिसली. गांडूळ पाहून इतका आनंद झालेला गुरव मीच असेन.

त्रिपुरी पुनवेला पहाटेच पाटील आले. पांढऱ्या शेवंतीच्या दोन पाट्या गाभाऱ्यात ठेवलेल्या बघून त्यांनी पागोटं मागं सारलं. "गुरव, कंचा मंतर घातला म्हनायचा?"

"लेंड्यांचा," माझ्या आधी बायकोच बोलली. पाटील पोट धरून हसले आणि सेवा आमच्याकडेच राहिली.

तो धनगर पुन्हा कधी त्या वाटेनं आला नाही. तो कोण होता याचा खल मी करत नाही. शिवाशिव सांभाळून देवाला मीच जपतोय, असं मला वाटत होतं. आता मळ्यात कुणीही येवो, मी काठी उचलत नाही. देव मदतीला आला, तेव्हा मी त्याला "फुडं जावा" म्हणालो होतो. त्यानं माझं ऐकलं नाही, हीच त्याची कृपा.