चालत्या रोलवरचा डाग

मी तो डाग दाखवला नसता, तर रामकिसनमामा आज जिवंत असते का?

मला माहीत नाही. आज तेरावा आहे, तरी उत्तर सापडलेलं नाही.

जालना एमआयडीसीतली आमची फॅक्टरी शेततळ्याचा कागद बनवते. म्हणायला कागद, असतं जाड काळं प्लास्टिक. पाणी खाली मुरू नये म्हणून तळ्याच्या, कालव्याच्या बुडाशी अंथरतात.

मी तिथे क्वालिटीला. मामा लाईनवर ऑपरेटर, जाफराबादकडचे. नात्याने कोणी नाहीत, पण सगळ्यांचे मामा.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, पांढऱ्या दाण्यांत हे काळे दाणे कशाला टाकतात.

"बीएस्सी तू झाली, अन् मलाच विचारून राह्यली?" मामा हसले. "उन्हासाठी गं. काळं न्हाई टाकलं तर कागद पापडावानी तुटतोय."

मग त्यांनी अख्खी लाईन फिरवून दाखवली. दाणे वितळतात, रुंद फटीतून गरम चादर बाहेर येते, तीन चकचकीत रोलमधून दाबून थंड होते, पुढे गुंडाळली जाते.

रोलला जळक्या मालाचा कण चिकटला, की प्रत्येक फेऱ्याला चादरीवर तोच डाग उमटतो. तिथे कागद पातळ राहतो. आज ना उद्या तिथूनच तळं गळतं.

त्या दुपारी मला तसा डाग दिसला. मी मामांना सांगितलं. ते माझं कामच होतं.

नियम असा, की लाईन बंद करून रोल पुसायचा. रोलपुढची जाळी उघडली की मशीन आपोआप थांबायला हवं.

पण मशीन थांबलं की आतला माल जळतो. मग दिवसभर खरडत बसा, वर मॅनेजरची बोलणी खा. म्हणून जाळीचा स्विच सुतळीने दाबून बांधलेला.

सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजर रोज त्याच्यासमोरून जायचे.

मामांनी जाळी उघडली. मशीन चालूच राहिलं. त्यांनी चिंधी रोलला लावली.

पुढचं लिहीत नाही. त्यांच्या मुली ही पोस्ट वाचतील.

अँब्युलन्स गेटबाहेर पडेपर्यंत सुतळी गायब झाली होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर मामांचा फोटो, हार, मोठा फ्लेक्स. शोकसभेत मॅनेजर म्हणाले, रामकिसन चांगला माणूस होता, घाई नडली.

मग मला केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट तयार होता. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी सुतळीचं विचारलं.

"कसली सुतळी? चेकलिस्ट बघ. 'स्विच चालू'पुढे रोज तुझीच टिक आहे."

खरं होतं. शिफ्ट सुरू झाली की चहाआधी सगळ्या रकान्यांत एका दमात टिक मारायची, असंच मला शिकवलं होतं. तशीच मी मारत आले. एकदाही वाकून बघितलं नाही.

राग मॅनेजरचा येतो. त्या फ्लेक्सचा येतो. सर्वात जास्त माझ्या हाताचा येतो.

परवा मामींना भेटायला गेले. गावात काय बोलतात ते सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या,

"लोक म्हणून राह्यलेत, त्यायच्याच चुकीनं गेले. खरंय का गं?"

"न्हाई मामी," मी म्हणाले. "बिलकुल न्हाई."

नुसतं त्यांच्या अंगणात बोलून भागणार नव्हतं.

घरी दादांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. माझ्या डिग्रीचा फोटो भिंतीवर लावणारे माझे दादा. त्यांनी एवढंच विचारलं,

"तुझ्यावरबी येईल न्हाई का हे?"

येईल, म्हटलं.

"मंग बराबर लिही. अर्धं लिहू नको."

मामा, तुम्ही शिकवलंत तसं कोणी शिकवलं नाही. आता जा. तुमच्या नावाला लावलेली ती चूक मी खोडायला घेतली आहे.

त्या रिपोर्टवर सही केली नाही. काल सकाळी कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात लेखी जबाब दिला. सुतळी होती, आणि चेकलिस्टवरची माझी प्रत्येक टिक खोटी होती.