जेवला कोणाच्या घरी

स्कॉटलंडात शिकायला होतो त्या दोन वर्षांत माझा पाय एका जागी ठरला नाही. सुटी लागली की आगगाडी, नाहीतर बेटांकडे जाणारी आगबोट पकडायचो. कुठेही उतरलो की आधी पुढच्या गाडीची वेळ विचारायची, मग गाव बघायचं. सगळं डायरीत लिहून ठेवलं.

गावी, साखरखेर्ड्याला परतलो तेव्हा वडिलांनी चार माणसं बोलावली आणि मला ती डायरी मोठ्याने वाचायला बसवलं. आमच्याकडे परगावाहून आलेल्याला आधी विचारतात, कोणाकडे उतरला आणि काय जेवला. मला त्या प्रश्नाची पहिल्यापासून चीड. मी डोंगर, तळी, बोटींच्या वेळा असं भराभर वाचत सुटलो. कापड रंगवणारे शेजारचे चाचाही ऐकायला बसले होते. मला थांबवून म्हणाले, "हे सगळं ठीक हाये बेटा. पन तू जेवला कोनाच्या घरी?"

मी वैतागून पानं उलटली. एका बेटावर एका म्हातारीने दारातून हाक मारून मला आत बोलावलं होतं. त्याखाली मीच लिहिलं होतं: 'बोट चुकेल म्हणून थांबलो नाही.' तेवढी ओळ मी वाचली नाही. खानावळीत जेवायचो, असं सांगून डायरी मिटली.

आईने ताटं वाढल्याचं आतून सांगितलं, तेव्हा मी वडिलांना विचारत होतो, देऊळगाव राजाहून जालन्याची मोटर किती वाजता सुटते.