तळाच्या संघाची पहिली निवड

रविवार, ४ मे २०२५, सकाळी साडेनऊ वाजता टोकियोजवळच्या ग्योतोकुमधील एका क्रीडागृहात आमच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम सुरू झाला. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो संपला. क्रीडागृह सोडतीने मिळते आणि आमची सोडत वर्षातून एकदाच लागते. त्यामुळे चार संघांसाठी खेळाडूंची निवड सकाळी होते आणि सामने दुपारी. उरलेल्या वर्षाला ही मंडळी ‘ऑफ-सीझन’ म्हणतात. एका दिवसाच्या पिकासाठी वर्षभर नांगरट करणारी माणसे मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

ही मंडळी म्हणजे पुण्या-मुंबईहून संगणकाच्या नोकऱ्यांवर आलेली मराठी कुटुंबे. माझा मुलगा त्यांतील एका संघाचा कर्णधार आहे. पत्नी गेल्यानंतर मी त्याच्याकडे राहावयास आलो. मी पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी केली. हे कळताच मला संघाचा खजिनदार करण्यात आले. मी बास्केटबॉल कधीही खेळलेलो नाही. खरेदी मात्र समजते.

निवडीचे नियम थोडे आहेत. मागील वर्षी तळाला राहिलेल्या संघाने पहिला खेळाडू निवडावयाचा, मग खालून वर क्रमाने इतरांनी. दुसरा नियम असा की जोडपे फोडावयाचे नाही. पहिल्या वर्षी नवरा-बायको विरुद्ध संघांतून खेळले आणि ते भांडण गणपतीपर्यंत पुरले, असे ऐकतो. तेव्हापासून एकाला निवडले की दुसरे आपोआप त्याच संघात येते. कर्णधारांची नावे निवडीच्या फळ्यावर नसतात. त्यांच्या बायकांची असतात, अगदी खाली. पण त्यांना कोणी निवडत नाही. त्या नवऱ्याकडेच जाणार, हे सर्वांनी धरून चाललेले असते.

तिसरा नियम जेवणाचा. जो संघ तळाला जाईल, त्याच्या कर्णधाराच्या घरी दुसऱ्या दिवशी सर्वांना पुरणपोळीचे जेवण. आमचा संघ लागोपाठ दोन वर्षे तळाला होता. दोन्ही वर्षी पोळ्या सूनबाईने लाटल्या. ती महाविद्यालयाच्या संघातून खेळलेली आहे. तरीही दोन्ही वर्षी ती नातीला मांडीवर घेऊन क्रीडागृहाच्या बोळात बूट काढण्याच्या पायरीवर बसून होती. नात आईवाचून राहत नाही. कोणी घेऊ लागले की जपानीत ‘यादा’ म्हणते. म्हणजे नको. हा शब्द तिला इतर सर्व शब्दांच्या आधी आला.

मार्च महिन्यात सूनबाईने जाहीर केले, “बाबा, यंदाही तळाला गेलो तर मी लाटणार नाही. तिसऱ्यांदा नाही. खेळायचं नाही, पायरीवर बसायचं आणि वर लाटायचं. हा कुठला स्पोर्ट?”

खेळाचे बूट तिने दोन वर्षांपूर्वी घेतले होते. ते अजून खोक्यात होते. वापर नसलेला माल पडून राहिलेला मला पाहवत नाही.

ऑफ-सीझनच्या खर्चासाठी प्रत्येक संघ वर्गणी जमवतो. एका संघाने पाठीवर नावे छापलेले सदरे घेतले. एकाने विद्यापीठातला विद्यार्थी प्रशिक्षक म्हणून आणला. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कर्णधाराने स्वतःच्या उडीचा आलेख फोनवर दाखवणारा चेंडू विकत घेतला. मुलालाही सदरे हवे होते. मी नकार दिला. सदरा चेंडू टाकत नाही.

आमचा संघ हरतो कशामुळे, याचा मी दोन वर्षे बाकावर बसून विचार केला होता. आमचे खेळाडू वाईट नव्हते. ते मैदानावर नसत. कोणाचे मूल रडे, कोणाला शूला नेणे येई, कोणी दूध पाजायला जाई. जोडपे निवडावे दोघांसाठी आणि मिळावा अर्धा माणूस, असा तो व्यवहार होता. इतर कर्णधारांनी हे ओळखून लहान मुलांच्या आईबापांना शेवटपर्यंत हात लावावयाचा नाही, असे धोरण ठेवले होते. जो माल सगळे टाळतात तो स्वस्त असतो. मात्र त्यातला दोष दूर करता आला पाहिजे.

तळमजल्यावर एक जपानी बाई राहतात. बालवाडीत शिक्षिका होत्या; आता निवृत्त आहेत. त्यांची माझी ओळख कचऱ्यातून झाली. मी झाकण न काढता एक बाटली टाकली होती. ती त्यांनी माझ्या दारात परत आणून ठेवली. अशी एक व्यक्ती कारखान्यात लाभली असती तर मी निवृत्त झालो नसतो. संघाची सर्व वर्गणी मी त्यांना देऊ केली. एक दिवस मुले सांभाळावयाची. मुलाने दुभाषाचे काम केले. त्याचा चेहरा सदऱ्यांसाठी पडलेला होता. बाईंनी होकार दिला आणि अट घातली. बोळात नाही; ताटामी, म्हणजे गवती चटया, अंथरलेली स्वच्छ खोली हवी.

क्रीडागृहाला लागून तशी खोली आहे. तिचीही सोडत निघते. ती चौथ्या मजल्यावरच्या कर्णधाराला लागली होती; त्याला मी चौथा मजलाच म्हणतो. दोन सामन्यांच्या मधे आपल्या संघाला आडवे करून आलेख दाखवण्याचा त्याचा बेत होता.

त्याच सुमारास आमच्या इमारतीत पुण्याहून एक अविवाहित इंजिनिअर आला. इतका उंच मराठी माणूस मी क्वचितच पाहिला आहे. त्याला एकटे करमत नसे, म्हणून तो सकाळी माझ्याबरोबर नदीकाठी फिरावयास येऊ लागला. एकदा पिशवीतले एक संत्रे मी त्याच्याकडे टाकले. ते त्याच्या छातीवर आदळून उतारावरून पाण्याकडे गेले.

“सॉरी काका. मला झेलता येत नाही हो,” तो म्हणाला. “बास्केटबॉल तर कधी हातात धरलेला नाही. सगळ्यांना सांगतोय, पण कुणी ऐकूनच घेत नाही.”

मी ऐकून घेतले.

आम्ही दोघे फिरतो याची बातमी इमारतीत पसरली. मी ती पसरवली नाही. थांबवलीही नाही. एका सकाळी चौथा मजला मला लिफ्टमध्ये भेटला.

“काय काका, रोज त्या उंच पोराबरोबर मॉर्निंग वॉक! कसा आहे?”

“उंच आहे.”

“ते दिसतंय हो. म्हणजे, खेळाला कसा?”

“त्याला विचार.”

“विचारलं. म्हणतो, येत नाही. तुम्ही पढवून ठेवलेला दिसतोय.” तो हसला. “पहिला पिक तोच ना? सांगा की. घरातलीच माणसं आपण.”

“रविवारी कळेल,” मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

रविवारी साडेनऊला फळा मांडला गेला. मुलाने खडूकडे हात नेताच चौथा मजला पुढे आला.

“एक मिनिट! काका, ट्रेड. तुमचा पहिला पिक मला द्या. माझा दुसरा आणि तिसरा तुम्ही घ्या.”

“आणि ताटामीची खोली.”

“खोली? ती घेऊन काय करणार?”

“लागणार आहे.”

त्याने बायकोकडे पाहिले. ती काहीतरी सांगू पाहत होती. तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता आणि त्याने तिचे तोंड दाबून धरले होते. “डन!” चौथा मजला म्हणाला.

माझ्या मुलाचा चेहरा उतरला. “बाबा, हे काय? सोडलात त्याला?”

“सोडला नाही. विकला.”

उंच माणसाचे नाव त्यांच्या रकान्यात गेले. टाळ्या झाल्या. तो बिचारा हात हलवून नाही-नाही म्हणत होता, ते लोकांना अभिवादन वाटले. त्यानंतर मी मुलाला एकामागून एक नावे सांगितली. सगळे लहान मुलांचे आईबाप. क्रीडागृहात हशा वाढत गेला.

“काका, टीम काढताय की पाळणाघर?”

“दोन्ही.”

बाई वेळेवर आल्या. त्यांनी मुलांचे बूट एका रांगेत लावले, खोलीचे दार सरकवून बंद केले आणि आतून रडण्याचा आवाज यायचा थांबला. नात ‘यादा’ म्हणाली. बाई जपानीत एकच वाक्य बोलल्या. नात आत गेली. ते वाक्य काय होते हे मी नंतर विचारले, तेव्हा मुलाने सांगितले, “इथे तो शब्द चालत नाही.” सूनबाईने खोक्यातून बूट काढले. तळवे पांढरेस्वच्छ होते.

पहिला सामना आम्ही हरलो. आमच्याकडे खेळाडू भरपूर, पण नवरे बायकांना चेंडू देईनात.

“बाबा, हे लोक आम्हाला मोजतच नाहीत,” सूनबाई घाम पुसत म्हणाली. “तुमचा मुलगासुद्धा.”

मी संघाला गोळा केले. “जो बायकोला चेंडू देणार नाही, तो त्या खोलीत बसेल. बाईंच्या ताब्यात.”

दुसरा सामनाही हरलो, परंतु थोडक्यात. चौथ्या मजल्यानेही दोन्ही सामने गमावले होते. उंच माणसाकडे चेंडू येई आणि जाई. आता आम्हा दोघांची गाठ होती. हरेल तो तळाला, आणि तळाच्या घरी उद्याचे पुरण.

या सामन्यात आम्ही पुढे होतो. त्यांची माणसे दमली होती. आमच्याकडे बदलायला ताजी जोडपी होती. सूनबाई कोणालाही रिंगजवळ फिरकू देत नव्हती. मध्यंतराच्या थोडे आधी चौथ्या मजल्याच्या बायकोला बाहेर जावे लागले. तिचा मुलगा रडून लाल झाला होता. त्यांच्याकडे बदली कोणी उरले नव्हते, म्हणून ते चौघेच खेळू लागले. मी मनातल्या मनात उद्याचे जेवण त्यांच्या घरी जेवलो.

मध्यंतरात सूनबाई माझ्याकडे आली. तिची नजर बोळाकडे होती. काचेच्या दारापलीकडे, बूट काढण्याच्या पायरीवर चौथ्या मजल्याची बायको मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि मैदानाकडे पाहत होती.

“बाबा, तिच्या पोराला आत घ्या.”

“खोली आपली आहे.”

“माहितेय.”

“ती खेळायला आली तर तू हरशील.”

“हरू मग.”

“पुरणपोळ्या,” मी आठवण दिली.

“दोन वर्षं मी त्याच पायरीवर बसले होते, बाबा. तुम्ही जाऊन सांगता, की मी जाऊ?”

मी गेलो. खोलीतील बाईंनी फक्त मुलाच्या पायांकडे पाहिले. बूट काढलेले होते. त्याला आत घेतले.

चौथ्या मजल्याची बायको मैदानावर आली आणि पहिली गोष्ट तिने नवऱ्याला ओरडून सांगितली, “तू बाजूला हो!” दुसरी उंच माणसाला. “भाऊजी, तुम्ही बॉल पकडूच नका. नुसते हात वर करून इथे उभे राहा. हलायचं नाही.” तो सुटल्यासारखा उभा राहिला. तिने त्याच्या आडून चेंडू टाकायला सुरुवात केली. आमच्या लोकांना ती दिसेचना. चार जण एका खांबाभोवती धावत होते. सूनबाई दोनदा खांबाला वळसा घालून तिच्यापर्यंत पोहोचली. तिसऱ्यांदा थोडी उशिरा पोहोचली. त्या एका बास्केटने आम्ही हरलो.

दोघी जमिनीवर बसून धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. सूनबाईला या क्रीडागृहात हसताना मी पूर्वी पाहिले नव्हते.

“काय काका!” चौथा मजला घाम टिपत आला. “म्हटलं होतं ना, उंच माणूस कामाला येतो!”

“आला. खांब म्हणून.”

“तुमच्याकडे तिसरं वर्ष ओळीने. उद्या तूप सढळ हाताने हं, काका.”

इथे क्रीडागृह ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत द्यावे लागते. फळा पुसण्याचे काम माझ्याकडे आले. मी वरून खाली पुसत गेलो. अगदी तळाशी कर्णधारांच्या बायकांची नावे होती. त्यांतील एका नावापाशी फडके थांबले.

कर्णधारांनी फळ्यावरून स्वतःला वगळले आहे. बायकांना वगळावयास ते विसरले. तळाच्या संघाला पुढील वर्षी पहिली निवड आहे. ती मी विकणार नाही. जोडपे फोडावयाचे नाही, हा नियम त्यांचाच. तिच्याबरोबर चौथा मजलाही आमच्याकडे येईल. त्याला कुठे उभे करावयाचे, याचा विचार करण्यास वर्ष हातात आहे. मी नाव पुसले आणि कोणाला काही बोललो नाही.

सातच्या सुमारास आम्ही घरी पोहोचलो. सूनबाईने दारातच बूट काढले. तळवे काळे झाले होते.

“मी सांगून ठेवलंय,” ती म्हणाली. “मी लाटणार नाही.”

“लाटू नकोस.”

“मग कोण?”

“नियमात ‘कर्णधाराचे घर’ असे आहे. सून असे कोठेही नाही.”

कर्णधाराने फोनवरून मान वर केली. “बाबा, मला कणीकसुद्धा मळता येत नाही.”

“त्या उंच माणसालाही झेलता येत नव्हते. उद्या सहा वाजता उठ. नखे आताच काप.”

नात मोठ्याने हसली. सूनबाई न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. आत ती गुणगुणत होती.

मी वरच्या फळीवरून पुरणयंत्र उतरवले. ते पत्नीचे आहे. येताना सामानात मी ते आणले होते. का, हे कोणी विचारले नाही. धुऊन, पुसून ओट्यावर उपडे ठेवले. मग हरभऱ्याची डाळ निवडली, मोठ्या पातेल्यात भिजत घातली आणि वर ताट झाकले.