कठडा काढून ठेवायचा पूल

सुखदेव मिस्त्री गेल्याचं मला जामच्या फाट्यावर कळलं. गिरडच्या बसमधून उतरलेला एक ओळखीचा म्हणाला, "सुखदेवच्या पुलाचा सुखदेव गेला जी..." मी चहाचा कप खाली ठेवला. खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं ते हेच, की पूल त्याचा कसा? ओव्हरसियर तर मी होतो! रडू नंतर आलं.

आम्ही एकाच गावचे. मी शिकलो, तो गवंडी झाला. गावच्या नाल्यावर पूल मंजूर झाला तेव्हा नकाशा मी काढला, दोन्ही बाजूंना भक्कम दगडी कठडे. सुखदेव हसला. "बापू, पुरात झाडं वाहून येतेत. कठड्याले अडकतीन अन् पूलच उपटून नेतीन. पूल ठेंगणा ठेव, मधात खोलगट. पानी वरून जाऊ दे. अन् कठडा लोखंडी नळ्यायचा कर, मिरगाच्या आंदी काढून घेता येईन असा." मोठ्या साहेबांनी त्याचंच ऐकलं, वर माझ्यादेखत त्याची पाठ थोपटली. माझा नुसता जळफळाट झाला. पुढे पावसाळाभर घरागणिक एकेक नळी सांभाळायची आणि दसऱ्याला परत बसवायची, अशी रीतच पडली. बाया त्या नळीला हळदकुंकू लावायच्या. माझ्या नकाशाला कोण लावतंय!

एका साली मिरगाच्या तोंडावर तो आला. "बापू, नळ्या काढू दे." काढायचं काम त्याचं, पण हुकूम माझा लागायचा. मी म्हटलं, "एवढी घाई काऊन? ओव्हरसियर तू का मी?" तिसऱ्या दिवशी पूर आला, आख्खी बाभूळ नळ्यांत अडकली आणि पुलाची एक बाजू खचली. चौकशीत मी खाली मान घालून उभा. सुखदेवच बोलला, "माह्या ध्यानातून राह्यलं जी." सरकारी कामावर त्याला पुन्हा कोणी घेतलं नाही. "काऊन बोलला असा?" मी बाहेर विचारलं. "तुयी नोकरी गेली असती. माह्ये हात तं कोनी नेत नाई." त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला...

परवा त्याच्या घरी बसायला गेलो. दारामागे त्यांच्या वाट्याची नळी उभी होती. कुणी म्हातारा म्हणाला, "मानूस सोन्याचा, पन त्या साली नळ्या इसरला." सुखदेवच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. मी तिथंही गप्प राहिलो.

म्हणून आता लिहितो. सुखदेव विसरला नव्हता, मी काढू दिल्या नाहीत. हे छापून आलं की गावात त्याचं नाव आणखी मोठं होईल, आणि तेही मला सोसवत नाही. तरी लिहितो.