तीनदा फिरवून थांबणारा प्रोग्राम

नॉर्बर्ट थीलेन दिवसा फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय तासत असे आणि संध्याकाळी कॉम्प्युटरला फोन लावायला शिकवत असे. १९८४ साल होतं. अमेरिकेतल्या शेबॉयगन गावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लबाचा एक 'फळा' होता, म्हणजे एका सभासदाच्या तळघरातलं मशीन. घरच्या कॉम्प्युटरला मोडेम लावून फोनने त्याला जोडून घेतलं की निरोप वाचता येत. जोडून घेण्यासाठी प्रोग्राम लागे आणि तो कसा असावा, यावर क्लबात चर्चच्या कारभारावरून होतात तसे वाद होत. कुणाला स्क्रीनवरचा मजकूर डिस्कवर उतरवून हवा होता, कुणाला ओळीच्या शेवटी शब्द मधोमध तुटायला नको होते. नॉर्बर्ट कुणालाच नाही म्हणत नसे.

"तुझा प्रोग्राम सगळं करतो," त्याची बायको लॅव्होन म्हणे, "फक्त माझ्या बहिणीला फोन लागू देत नाही."

सगळ्यांची मोठी मागणी एकच होती. फळ्याला फोनची लाइन एक, त्यामुळे ती कायम एंगेज. तेव्हा प्रोग्रामने लागेपर्यंत नंबर फिरवत राहावं. नॉर्बर्टने तेही करून दाखवलं.

शनिवारी वाचनालयाच्या खोलीत मतदान होतं. सभासदांना वाटायच्या क्लबाच्या डिस्कवर नॉर्बर्टचा प्रोग्राम घालायचा की दुकानातला विकतचा? अध्यक्ष एलरॉय ब्रूस विकतच्या बाजूचे. ते औषधांचे दुकानदार, विधुर; छापील माहितीपत्रक नसलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. नॉर्बर्टने वर्षभराच्या संध्याकाळी यात घातल्या होत्या. लॅव्होनने बजावलं होतं, "हरलास तर मोडेम माळ्यावर."

नॉर्बर्टने कॉम्प्युटर खोलीतल्या टीव्हीला जोडला, त्यावर प्रोग्राम आणि फळ्याचा नंबर मोठ्या अक्षरांत आला. तेवढ्यात दार उघडून गावातल्या विधवा इर्मा डॉबनर आत आल्या. हातात पर्स, डोक्यावर चर्चला जाताना घालायची टोपी.

"एलरॉय, मंगळवारी अख्खी संध्याकाळ तू मला फोन केलास."

"मी?"

"उचलला की चकार शब्द नाही. आधी मी म्हटलं, बिचारा लाजतोय. 'एलरॉय, बोल रे, मी ऐकतेय,' असंसुद्धा म्हटलं. मग मात्र मी भडकले."

"इर्मा, मंगळवारी मी बोलिंगच्या खेळाला होतो. हे सगळे साक्षीदार आहेत."

"मग मी खोकल्याचं औषध घ्यायला आले की अर्धा तास हवामान कोण सांगत बसतं?"

मागून कुणीतरी खोकललं. एलरॉय कानापर्यंत लाल झाले. इर्माबाईंची नजर टीव्हीवर गेली.

"माझा नंबर इथे काय करतोय?"

नॉर्बर्टने पाहिलं. शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. मंगळवारी प्रोग्राम चालू ठेवून तोही बोलिंगला गेला होता. समोरून कॉम्प्युटरची शिट्टी येईपर्यंत मोडेम गप्प बसतो. बाईंनी शिट्टी मारली नव्हती, म्हणून प्रोग्राम फोन ठेवून पुन्हा नंबर फिरवत राहिला.

"मिसेस डॉबनर, तो मी होतो. म्हणजे माझं मशीन होतं."

"माणूस उचलतोय की मशीन, एवढंही कळत नाही त्याला?"

"नाही."

"विकतच्याला कळतं?"

एलरॉयनी छापील माहितीपत्रक चाळलं. "नाही," ते म्हणाले.

"मग तीनदा फिरवून गप्प बसायला शिकव त्याला. कुठलाही सभ्य माणूस तेवढंच करतो." त्या दाराकडे वळल्या आणि थांबल्या. "म्हणजे तू नव्हतास तर, एलरॉय." आवाजात राग नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

हात वर झाले ते सारखेच दोन्हीकडे. निर्णायक मत अध्यक्षांचं. एलरॉयनी माहितीपत्रकाची घडी घातली आणि म्हणाले, "थीलेनचा घ्या. तीनची अट घालून."

पुढच्या मंगळवारी एलरॉय बोलिंगला आले नाहीत. त्यानंतरच्या सभेत सुधारणा सुचवायला पहिला हात त्यांचाच वर गेला.

"तीन कमी पडतात," ते म्हणाले. "काही लोकांचा फोन संध्याकाळी फार एंगेज असतो."

नॉर्बर्टने कुणाचा ते विचारलं नाही. मर्यादा दहावर नेली.