सांडलेला मठ्ठा

आज मठ्ठ्यात आलं किसून घातलं आणि त्या वासासरशी मी थेट अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, आमच्या जुन्या गाडीत जाऊन बसले. ऐंशीच्या दशकातला मे महिना. माझी सोळा वर्षांची नीता शाळेत ड्रायव्हिंग शिकली होती आणि त्या दिवशी तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला पहिल्यांदाच मला घेऊन जाणार होती. मी रेशमी साडी नेसून, मांडीवर मठ्ठ्याचं पातेलं धरून तिच्या शेजारी बसले.

"आई, बेल्ट."

"अगं, साडी चुरगळेल."

"मग मी कार स्टार्ट करणार नाही."

तेव्हा मला ते शाळेचं खूळ वाटायचं. मी कुरकुरत बेल्ट लावला आणि बजावलं, "एक थेंब सांडता कामा नये हं."

तिने गाडी इतकी अलगद चालवली की मठ्ठा हिंदकळलाही नाही. मी मनातून नुसती फुलून आले होते. तेवढ्यात दोन उभ्या गाड्यांमधून एक चिमुरडी चेंडूमागे धावत रस्त्यावर आली. नीताने करकचून ब्रेक दाबला. बेल्टने मला सीटला आवळून धरलं आणि गार मठ्ठा पदरापासून पावलांपर्यंत ओघळला. पोरगी चेंडू उचलून पळालीसुद्धा.

नीता माझ्या भिजलेल्या साडीकडे बघत म्हणाली, "सॉरी, आई. सगळा सांडला."

"सांडू दे गं," मी म्हटलं.

घरी जाऊन साडी बदल, असं ती म्हणत होती. मी ऐकलं नाही. आल्याचा वास मारणारा तो ओला पदर प्रत्येकाला दाखवत मी हॉलभर सांगत फिरले, "आमच्या नीताने ब्रेक मारला."